राहात्यातून काष्टीत शिरताना

आमच्या संगणक केंद्रात राऊटर आला तेव्हा तो कोणी हाताळायचा, हा प्रश्न सरांनी हातातला चहा संपायच्या आत सोडवून टाकला. "मॅन्युअल इंग्रजीत आहे आणि ही इंग्रजी मीडियमची आहे," ते म्हणाले, आणि ते जाड पुस्तक माझ्या टेबलावर येऊन पडलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी काहीच बोलले नाही. माझं न बोलणं म्हणजे होकार, असं तेव्हा सगळे धरून चालायचे.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. माझं शिक्षण नगरला झालं, शाळा कॉन्व्हेंटची आणि मग बी.एस्सी. वडिलांची बदली राहात्याला झाली, आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका शिक्षण संस्थेचं संगणक केंद्र होतं, म्हणून मी तिथे नोकरीला लागले. सर म्हणजे केंद्राचे प्रमुख, मूळचे गणिताचे शिक्षक. संस्थेचं मोठं कॉलेज राहात्यात होतं, आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, काष्टीत, मुलींचं एक छोटं ज्युनियर कॉलेज. राहात्याहून काष्टीला जायचं तर एसटीने नगर, तिथे गाडी बदलून पुढे श्रीगोंद्याच्या बाजूला. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचेलच असं नाही. या दोन गावांमध्ये संस्थेने टेलिफोन खात्याकडून एक कायमची लाइन घेतली होती. इंटरनेट पुण्याहून राहात्याला यायचं, आणि राहात्याहून त्या लाइनवरून काष्टीला जायचं. लाइनच्या दोन्ही टोकांना एकेक राऊटर.

दिसायला तो अगदीच साधा होता. टेपरेकॉर्डरएवढा चपटा डबा, पुढे दोन-तीन दिवे, मागे तारा खुपसायच्या जागा. येणाऱ्या प्रत्येक निरोपावरचा पत्ता वाचायचा आणि तो कुठल्या तारेवर ढकलायचा ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. त्याला पडदा नव्हता, बटणं नव्हती. त्याच्याशी बोलायचं तर एक चपटी निळी तार संगणकाच्या पाठीमागे लावायची, एक खिडकी उघडायची आणि एंटर दाबायचं. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव यायचं, RAHATA, आणि नावापुढे एक बाण. बाणापुढे तो थांबून राहायचा. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नसे, साधी फुलीसुद्धा नाही. आपण किती अक्षरं टाकली हेही शेजारच्याला कळू नये, अशी त्याची रीत होती. मला ती फार आवडली. पासवर्ड बरोबर असला की बाणाच्या जागी जाळीसारखं एक चिन्ह यायचं. याचा अर्थ, आता तू मला बदलू शकतेस.

पहिले काही आठवडे मी काहीच बदललं नाही. नुसतं विचारत राहिले. त्याला प्रश्नचिन्ह टाकलं की पुढे काय काय म्हणता येईल याची यादी तो स्वतःच द्यायचा. इतक्या सौजन्याने मला आजवर कोणी काही शिकवलं नव्हतं. माणसांना प्रश्न विचारायचं मी टाळायचे. इथे प्रश्नचिन्ह हाच सगळ्यात उपयोगाचा शब्द होता.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटली. तार बंद करायची आज्ञा होती, 'शटडाऊन'. पण चालू करायला वेगळा शब्दच नव्हता. चालू करायचं तर म्हणायचं, 'नो शटडाऊन'. बंद राहू नकोस. नवी कोरी तार लावली तरी ती मुळात बंदच असायची आणि तिला असं सांगावं लागायचं. मी ते पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा क्षणभर काही झालं नाही, मग पुढचा दिवा हिरवा झाला, आणि माझ्या अंगावर काटा आला. एका दिव्यासाठी अंगावर काटा आला हे मी कोणाला सांगितलं नाही.

खरी थक्क झाले ती पुढच्या आठवड्यात. पुस्तकात वाचलं होतं की एका राऊटरमधून लाइनवरून दुसऱ्या राऊटरमध्ये शिरता येतं. दुपारी केंद्र रिकामं होतं. मी काष्टीच्या राऊटरचा पत्ता टाकला आणि एंटर दाबलं. पासवर्ड विचारला गेला. तो टाकला, आणि बाणामागचं नाव बदललं. RAHATA होतं तिथे KASHTI झालं.

मी खुर्चीत मागे सरले. खिडकीबाहेर राहात्याचंच ऊन होतं, रस्त्यावरून राहात्याचाच पेरूवाला जात होता. आणि मी जे अक्षर टाइप करत होते ते आधी काष्टीला जाऊन, तिकडच्या डब्याने ओळखल्यावर, परत येऊन माझ्या पडद्यावर उमटत होतं. माझ्याच बोटाखालचं अक्षर मला जिल्ह्याला वळसा घालून दिसत होतं. माझे मामा खर्ड्याला असतात. लहानपणी त्यांना फोन करायचा म्हणजे कॉल बुक करून बसून राहायचं, आणि लागला की सगळ्या घराने ओरडायचं. इथे कोणी ओरडत नव्हतं. मी तिकडच्या डब्याला विचारलं, तू किती दिवस जागा आहेस? त्याने मुकाट्याने सांगितलं.

आणि पिंग. दुसरं टोक जिवंत आहे का हे बघायला पाच हाका मारायच्या. ज्या हाकेला उत्तर येईल तिच्यासाठी हा राऊटर एक उद्गारचिन्ह छापायचा, ज्या हाकेला येणार नाही तिच्यासाठी एक टिंब. ज्याने कोणी हे ठरवलं असेल तो अमेरिकेत कुठेतरी बसलेला इंजिनिअर असणार. पण आमच्या मराठीच्या बाईंनी हे चिन्ह शिकवताना जे सांगितलं होतं, की आश्चर्य वाटलं की हे द्यायचं, ते त्यालाही कोणीतरी शिकवलं असावं.

काष्टीच्या मॅडमची ओळख फोनवर झाली. त्या तिथे फिजिक्स शिकवायच्या आणि मुलींची संगणकाची खोली त्यांनीच उभी केली होती. आठ संगणक, एक राऊटर, आणि वीज जाते म्हणून बॅटऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "हॅलो, राहाता का? त्या डब्याचं तुमच्याकडं कोण बघतं?"

"मी."

"जरा मोठ्यानं बोल की गं. लाइन खराब हाय का तूच अशी?"

"मीच अशी," मी म्हटलं.

त्या एवढ्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तेव्हापासून मी त्यांची 'राहाता' झाले. त्यांना मी मॅडमच म्हणायचे, पण मनात त्या 'काष्टी' होत्या. एकमेकींना आम्ही पाहिलेलं नव्हतं.

अडचण अशी होती की काष्टीच्या मुलींना इंटरनेट मिळतच नव्हतं. मी राहात्याहून काष्टीत जाऊन येत होते, पिंगला पाचही उद्गारचिन्हं येत होती, पण मुलींनी एखादं पान मागितलं की ते येत नसे. पांढरा पडदा आणि कोपऱ्यात फिरणारं चिन्ह. असे आठवडे गेले. संस्थेत कुजबुज सुरू झाली की काष्टीला उगाच एवढं दिलं. मग एका समितीने जाऊन बघायचं ठरलं. संस्थेचे सचिव आणि दोन विश्वस्त काष्टीला जाणार, इंटरनेट चालताना दिसलं तर ठीक, नाही तर लाइन बंद करायची आणि आठही संगणक राहात्याला आणायचे. आमच्या केंद्रात त्यांच्यासाठी जागाही बघून ठेवलेली होती.

मॅडमनी मला सांगितलं, "तुला खरं सांगू का, राहाता? ह्या पोरींच्या घरी मी स्वतः गेलेय. बापांना म्हटलंय, पोरीला पुण्याला पाठवू नका, पुणंच इथं येतंय. कॉलेज सुटल्यावर तासभर थांबू द्या. लई नाकदुऱ्या काढल्यात. आता हे न्हाई आलं तर मी त्या घरांवरून जाऊ कशी?"

मी म्हटलं, "येईल." आणि मग दिवसभर मला प्रश्न पडला की मी हे कशाच्या जोरावर म्हटलं.

समिती जायच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला इंटरनेट देणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या इंजिनिअरला दोष सापडला. काष्टीच्या राऊटरला जो पत्ता दिला होता तोच पत्ता चुकून संस्थेच्या नगरच्या ऑफिसलाही दिलेला होता. मुलींचे सगळे संगणक बाहेर जाताना राऊटरच्या त्या एकाच पत्त्याने जायचे. म्हणजे मुली मागत होत्या, जग उत्तर देतही होतं, पण पुण्याहून ती उत्तरं नगरला वळत होती. इतके आठवडे काष्टीच्या मुलींनी मागितलेली पानं नगरच्या बंद ऑफिसच्या दारात जाऊन पडत होती. मला ते ऐकून हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

उपाय सोपा होता. काष्टीला नवा पत्ता द्यायचा. पुणेवाले त्यांच्या बाजूला सकाळीच तो नोंदवणार होते, आम्ही आमच्या बाजूला बदलायचा. फक्त एक गोष्ट होती, आणि ती मला रात्रभर कुरतडत राहिली. लाइनच्या दोन टोकांचे पत्ते एकाच गल्लीतले, म्हणजे शेवटचा आकडा सोडून बाकी सारखे, हवेत, तरच ती एकमेकांना ओळखतात. मी काष्टीत शिरणार त्याच लाइनवरून, आणि बदलणार त्याच लाइनचा पत्ता. म्हणजे एंटर दाबताक्षणी काष्टी माझ्या हातून सुटणार. मग राहात्याचं टोकही त्याच नव्या गल्लीत आणायचं, आणि ती दोन टोकं अंधारात एकमेकांना सापडतील असा विश्वास ठेवायचा.

सकाळी सरांना हे समजावून सांगितलं.

"म्हणजे आधी तिकडचं आपणच तोडायचं?"

"हो, सर."

"आणि मग आपलं बदलायचं. दोन्ही जुळलं की लाइन परत येणार."

"हो."

"आणि नाही जुळलं तर?"

मी काही बोलले नाही. सरांनी तो होकार धरला आणि पुण्याला फोन लावला.

पुण्याचा माणूस सांगत होता आणि सर मोठ्याने म्हणत होते. "एकशे ब्याण्णव... एकशे अडुसष्ट... हं... एकोणसाठ... आणि शेवटी काष्टीला दोन, आपल्याला एक." मी काष्टीत शिरलेलीच होते. आकडे टाकले, श्वास घेतला, एंटर दाबलं. कर्सर जागच्या जागी थिजला. मी पुढचं अक्षर दाबलं, ते उमटलं नाही. काष्टी गेली.

"गेलं?" सरांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते. "आपल्याकडचं मी टाकतो. सरक."

सरांना एवढी इच्छा झाली आहे म्हटल्यावर मी उठले आणि काष्टीला फोन लावायला गेले. सरांनी दोन बोटांनी, जीभ दातांत धरून, राहात्याचा नवा पत्ता टाकला. पिंग केलं.

पाच टिंबं आली.

पुन्हा केलं. पुन्हा पाच टिंबं. दिवे सगळे हिरवे होते. तार शाबूत होती, वीज होती, आणि पलीकडून उत्तर नव्हतं. "लाइनच गेली असणार," सर म्हणाले. "ह्या खात्याचं नेहमीचंच. मी एक्स्चेंजमध्ये जाऊन येतो." आणि स्कूटरची किल्ली उचलून ते निघून गेले. केंद्रात मी एकटी, आणि कानाला काष्टी.

"काय गं, आलं का?" मॅडम विचारत होत्या. "श्रीगोंद्याहून निघालेत ते. मघाशी फोन आल्ता."

"नाही आलं, मॅडम. तिकडचा राऊटर एकदा बंद करून चालू करता येईल? मी नवा पत्ता अजून त्याच्या कायमच्या आठवणीत लिहिलेला नाही. बंद केला की तो विसरेल आणि जुन्या पत्त्यावर येईल. मग पुन्हा करता येईल."

"तो कपाटात हाय."

"मग कपाट उघडा ना."

"कुलूप हाय. मागच्या महिन्यात कुणीतरी त्याचा प्लग काढून चहाची शेगडी लावली हुती, तवापासून मी डबा, बॅटऱ्या, सगळं लोखंडी कपाटात घालून कुलूप ठोकलंय. आणि किल्ली मामांच्या कंबरंला." मामा म्हणजे त्यांच्याकडचे शिपाई. "मामा गेलेत बाजारात. आज बाजार हाय ना इथला. बैलं बघायला गेलेला माणूस कुठं सापडायचा गं? ... दगडानं फोडू का कुलूप?"

"थांबा. नका फोडू."

का नको म्हटलं ते मला माहीत नव्हतं. मी फोन तसाच मानेत धरून सरांनी काय टाकलंय ते पाहिलं. आणि मला दिसलं.

"मॅडम, सरांनीच चुकीचं टाकलंय. पुण्याने सिक्स्टी नाइन सांगितलं आणि सरांनी फिफ्टी नाइन टाकलंय."

"पुण्यानं सिक्स्टी नाइन सांगितलं? तू ऐकलंस?"

"सर मोठ्याने म्हणत होते ना."

"काय म्हणत हुते? त्यांच्या तोंडचा शब्द सांग."

"एकोणसाठ."

पलीकडून ते हसू आलं. आधी एकट्या मॅडमचं, मग बहुधा त्यांनी तिथल्या मुलींना सांगितलं असावं, कारण मागून आणखी बऱ्याच जणींचं. "अगं ए, राहाता! एकोणसाठ म्हंजी साठाला एक कमी! फिफ्टी नाइन! तुला साठ ऐकू आलं आणि तू साठाच्या पुढं पळालीस व्हय?"

माझे कान तापले. खरंच तसंच झालं होतं, काष्टीत मी सिक्स्टी नाइन टाकलं होतं. एकोण म्हणजे नऊ आणि साठ म्हणजे साठ, असं मी लहानपणापासून मनाशी जुळवून टाकलेलं होतं. दुकानात आकडा कानावर आला की मी न बोलता मोठी नोट पुढे करायचे आणि येईल ते परत घ्यायचे, त्यामुळे आजवर कोणाला कळलं नव्हतं.

"एक उणा साठ," मॅडम आता वर्गात बोलावं तसं म्हणाल्या. "एकोणीस, एकोणतीस, सगळे तसेच. पुढच्याला एक उणा."

फोन धरून मी तशीच उभी राहिले. नऊला नऊ न म्हणता पुढच्या दहाला एक कमी आहे म्हणायचं, ही माझ्याच भाषेची गंमत मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली. चालू हो म्हणायला ज्या यंत्राकडे शब्द नव्हता त्या यंत्रावर मी थक्क झाले होते, आणि रोज घरात बोलला जाणारा हा शब्द मी कधी उघडूनही पाहिला नव्हता.

पण त्या विचारात रमायला वेळ नव्हता. सर बरोबर होते. चूक काष्टीत होती, कुलूपबंद कपाटात, माझ्या हाताने केलेली, आणि तिथवर जायची लाइन तीच चूक अडवून बसली होती.

"मग फोडते कुलूप," मॅडम म्हणाल्या. "बाजाराच्या गर्दीत अडकली असंल त्यांची गाडी, पण किती वेळ अडकणार?" मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणी मुलगी म्हणाली, "मॅडम, वरवंटा आणू का?"

आणि मग मला ते सुचलं. कुठल्या पानावर ते लिहिलेलं नव्हतं. काष्टी हरवली नव्हती. ती कुठे आहे हे मला नक्की ठाऊक होतं, कारण मीच तिला तिथे पाठवलं होतं. एकोणसाठच्या गल्लीत उभं राहून मी तिला हाका मारत होते आणि ती एकोणसत्तरच्या गल्लीत उभी होती. मला फक्त तिच्याइतकंच चुकायचं होतं.

"मॅडम, एक मिनिट. वरवंटा थांबवा."

मी राहात्याच्या बाजूला सरांचा बरोबर पत्ता काढला आणि जाणूनबुजून चुकीचा टाकला. सिक्स्टी नाइन, डॉट, वन. पिंग.

पाच उद्गारचिन्हं.

मी ती मोजली नाहीत, नुसती बघत राहिले. दोन्ही टोकं चुकली होती आणि दोघांची चूक सारखी होती म्हणून ती एकमेकांना ओळखत होती. यंत्राला बरोबर-चूक माहीत नव्हतं, जुळणं तेवढं माहीत होतं. मी काष्टीत शिरले. बाणामागे ते नाव आलं तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण मॅडमनी विचारलं, "काय झालं गं?"

"सापडली," मी म्हटलं.

"कोण?"

"काष्टी."

मग पुन्हा तेच सगळं, या वेळी नीट. काष्टीचा पत्ता बदलताना मी मोठ्याने म्हटलं, "एकोणसाठ, म्हणजे फिफ्टी नाइन," आणि मॅडम शाळेतल्यासारखं "हं" म्हणाल्या. एंटर. कर्सर थिजला. काष्टी पुन्हा सुटली. या वेळी मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही, पण ती आधीसारखी नव्हती. राहात्याचं टोक बदललं. पिंग. उद्गारचिन्हं. पुन्हा काष्टीत शिरून दोन्हीकडे 'राइट मेमरी' दिलं. आता वीज गेली तरी ते विसरणार नव्हते.

"आता एखादं पान मागा," मी म्हटलं.

"मागितलंय," मॅडम म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग एक मुलगी ओरडली, आणि मग सगळ्याच. त्या गलक्यातच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "आले, आले," असं म्हणत मॅडमनी फोन ठेवून दिला.

आता माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सचिव खोलीत आले असतील, खुर्ची दिली असेल, मॅडम काहीतरी सांगत असतील, यातलं मला काहीच दिसत नव्हतं. म्हणून मी राऊटरला विचारलं. काष्टीच्या तारेवरून आत्तापर्यंत किती निरोप गेले आणि किती आले, याचे दोन आकडे तो सांगायचा. मी तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसले. आकडे थोडे हलायचे, थांबायचे, पुन्हा थोडे हलायचे. एक पान आलं असावं. मग वाचत असावेत. मग दुसरं. बंद दाराबाहेर उभं राहून आतल्या माणसांच्या पावलांवरून कोण कुठे उभं आहे हे ओळखावं, तसं मी ते आकडे ऐकत होते. ते ऐकणंच होतं, वाचणं नव्हे.

मग आकडे थांबले. मी आज्ञा दिली, तोच आकडा. पुन्हा दिली, तोच. दहा-वीस वेळा दिली असेल. तिथे काही बिघडलं का, की बघून झालं आणि आता नको म्हणताहेत? सर एक्स्चेंजमधून परत आले होते आणि माझ्या मागे उभे होते. त्यांनी स्कूटरची किल्ली मुठीत धरून ठेवली होती. "काय चाललंय तिकडे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, जणू काष्टीला ऐकू जाईल.

"माहीत नाही, सर."

आणि मग आकडा उडाला. नुसता हलला नाही, उडाला. पुढच्या वेळी त्याहून जास्त. मी आज्ञा देईपर्यंत तो कितीतरी पुढे गेलेला असायचा. एका संगणकाचं हे काम नव्हतं, दोघातिघांचंही नव्हतं. सगळ्या एकदम बसल्या होत्या. जी लाइन इतके आठवडे जवळजवळ रिकामी पडून होती ती आता काठोकाठ भरली होती. पाहुण्यांसमोर कोणी मुलींना असं बसू देत नाही. पाहुणे गेले होते, आणि मुलींना कोणी उठवलं नव्हतं.

"राहणार सर, संगणक तिथेच," मी म्हटलं. मी सरांकडे वळून, न विचारता, एवढं ठाम वाक्य बहुधा पहिल्यांदाच बोलले.

"तुला कोणी सांगितलं?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. सर वाकून त्या आकड्यांकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

फोन वाजला. "राहाता! ऐक—"

"ठेवा म्हणाले ना?" मी विचारलं.

"आं? तुला कसं गं कळलं? आत्ता तर गाडी गेटाभायेर पडली. सचिव म्हणाले, असू द्या इथंच, पण पोरींनी खेळत बसायचं नाही. कुणी सांगितलं तुला?"

"दिसतंय मला. आठही जणी बसल्यात तुमच्याकडे."

मॅडम फोन बाजूला धरून खोलीत ओरडल्या, "ए पोरींनो! राहात्याला दिसतंय गं तुमचं सगळं!"

एकदम चिडीचूप झालं. मी आज्ञा दिली. आकडा हळूहळू थोडा पुढे गेला आणि थांबला. पुन्हा दिली, तिथेच. आठही मुलींनी कळफलकावरून हात उचलले होते. मला त्यांचे चेहरे माहीत नव्हते, नावं माहीत नव्हती, पण ते उचललेले हात मला स्पष्ट दिसत होते. कोणी आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर माझेही हात आयुष्यभर तसेच उचलले गेले होते.

"मॅडम," मी म्हटलं, "त्यांना सांगा, काय वाचतात ते नाही दिसत. वाचतात एवढंच दिसतं."

मॅडमनी सांगितलं. मागे कुजबुज झाली, कोणीतरी खुदकन हसलं. मी आज्ञा दिली. आकडा तिथेच होता. पुन्हा दिली. तिथेच. सर माझ्या खांद्यामागून वाकले. मग एक कोणीतरी, एकटीच, पुढे झाली असावी, कारण आकडा अगदी थोडासा हलला.